न्यायाधीश काय करतात, वकील काय करतात: पक्षकारांचे नेहमीचे प्रश्न

तालुका कोर्टात वकिलाच्या टेबलासमोर बसलेले लोक जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या दिवाणी आणि फौजदारी न्यायालयांपुरती आहेत. तुमच्या प्रकरणावरचा सल्ला म्हणून ती वापरू नका. कागद बघितल्याशिवाय सल्ला देणाऱ्या वकिलापासून लांबच राहावं.

जज्जसाहेबांना खरं काय ते कळत असतंच ना? मग ते स्वतः चौकशी का करत नाहीत?

हा प्रश्न मुद्दाम पहिला घेतला, कारण बाकीच्या निम्म्या गैरसमजांचं मूळ इथे आहे. रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा त्यांनी छडा लावला आणि रघुनाथरावांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. न्यायाधीश म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तेच येतात. आजच्या न्यायाधीशांचं काम तसं नाही. फौजदारी प्रकरणात तपास पोलिसांनी करायचा, दिवाणी दाव्यात पुरावा ज्याचा त्याने आणायचा, आणि न्यायाधीशांनी समोर आलेल्या पुराव्यावर निकाल द्यायचा.

समजा, बांध कोणी कोरला हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. उद्या न्यायाधीशांच्याही कानावर ते बाहेरून आलं, तरी निकालात ते वापरता येत नाही. साक्षीदार खोटं बोलत असेल तर समोरचा वकील त्याची उलटतपासणी घेऊ शकतो. न्यायाधीशांच्या मनातल्या माहितीची उलटतपासणी कोण घेणार?

याचा अर्थ ते हाताची घडी घालून बसतात असा नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १६८ प्रमाणे (जुन्या कायद्यातलं कलम १६५) न्यायाधीश कोणत्याही साक्षीदाराला कोणताही प्रश्न विचारू शकतात, कागद हजर करायला सांगू शकतात. गरज वाटली तर जागेची पाहणीही करू शकतात, पण मग त्या पाहणीची लेखी नोंद प्रकरणात ठेवावी लागते. बांधाच्या भांडणात बहुतेक वेळा कोर्ट कमिशनर (न्यायालयाच्या वतीने जागेवर जाऊन अहवाल देणारा माणूस) नेमून भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी होते. ती मागण्याचा अर्ज मात्र सहसा पक्षकाराच्या वकिलालाच द्यावा लागतो. अर्ज दिला नाही आणि मोजणी झाली नाही, तर "साहेबांनी जमीन मोजूनसुद्धा घेतली नाही" ही तक्रार चुकीच्या माणसाबद्दल आहे.

म्हणजे वकिलाने मी सांगेन ते कोर्टात बोलायचं, एवढंच ना?

नाही. वकीलपत्रावर सही केलीत की तो तुमच्या वतीने उभा राहतो, पण तो न्यायालयाचाही अधिकारी मानला जातो. खोटा कागद दाखल करणं, साक्षीदाराला खोटं पढवणं ही कामं त्याने करायची नाहीत. तुम्ही आग्रह धरलात तर प्रकरण सोडून देण्याचा त्याला हक्क आहे.

कामाची वाटणी साधी आहे. घडलं काय ते तुम्ही सांगायचं, त्यातलं कायद्याच्या उपयोगाचं काय ते वकिलाने निवडायचं. वकिलाचं खरं कसब बोलण्यापेक्षा लिहिण्यात असतं. वादपत्रात (दावा लावणाऱ्याच्या लेखी म्हणण्यात) किंवा कैफियतीत (त्याला दिलेल्या लेखी उत्तरात) जी हकीकत नाही, तिचा पुरावा नंतर देता येत नाही. कैफियत समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यायची, न्यायालयाने मुदत वाढवली तर ९० दिवसांपर्यंत. या काळात फेरफार, खरेदीखत, जुने सातबारा, पावत्या, काय असेल ते सगळं वकिलासमोर ठेवा. "ते सांगायचं राहिलंच" हे वाक्य उलटतपासणी झाल्यानंतर ऐकायला मिळालं की वकिलाच्या पोटात गोळा येतो. अडचणीचा कागदही लपवू नका. तो तुमच्या वकिलाने आधी बघितलेला बरा. समोरचा वकील तो तुमच्या साक्षीत बाहेर काढणारच असतो.

वकिलाला सगळं सांगितलं आणि त्याने बाहेर फोडलं तर?

त्याला तसं करता येत नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ प्रमाणे अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय उघड करायला वकिलाला मनाई आहे, आणि वकीलपत्र संपल्यावरही ती मनाई राहते. अपवाद आहेत. पुढे करायच्या गुन्ह्यासाठी सल्ला मागितलात तर हे संरक्षण मिळत नाही. "काल मारलं" हे सांगितलेलं वकिलाच्या पोटात राहील, "उद्या मारायचं आहे, कसं करू" हे राहणार नाही.

आरोपीने गुन्हा केलाय हे माहीत असूनही वकील त्याची बाजू घेतो. लाज कशी वाटत नाही?

हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला जातो. अजमल कसाबच्या खटल्याकडे बघा.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर त्याचं वकीलपत्र कोणी घेऊ नये असं वातावरण मुंबईत होतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये मात्र अटक झालेल्या माणसाला वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क दिला आहे आणि त्यात "दहशतवादी सोडून" असं लिहिलेलं नाही. विशेष न्यायाधीश एम. एल. तहलियानी यांनी त्याला सरकारी खर्चाने वकील नेमून दिला. आधी नेमलेल्या एका वकिलांनी हल्ल्याशी संबंधित एका साक्षीदाराचं नुकसानभरपाईचं प्रकरणही घेतलेलं होतं. ते उघड होताच त्यांची नेमणूक रद्द झाली. एकाच वकिलाने दोन विरुद्ध बाजूंचं हित सांभाळायचं नाही, हा नियम कसाबच्या बाबतीतही पाळला गेला. ६ मे २०१० ला फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयातही त्याच्या बाजूने वकील उभे राहिले, आणि २९ ऑगस्ट २०१२ ला शिक्षा कायम झाली.

त्याच खटल्यात त्याच्यासोबत दोन भारतीय आरोपी होते. पुरावा विश्वासार्ह नाही म्हणून त्यांची निर्दोष सुटका झाली आणि ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. "असल्यांना वकीलच देऊ नका" हा नियम असता तर त्या दोघांच्या बाजूने पुरावा तपासून बघणारं कोणी नसतं. बचावाचा वकील आरोपी निर्दोष आहे असं शपथेवर सांगत नसतो. सरकार पक्षाने आपलं म्हणणं सिद्ध केलं का, हे तो ताणून बघतो. दोषी की निर्दोष, ते न्यायाधीश ठरवतात. वकिलाने ते आपल्या टेबलावरच ठरवून टाकलं, तर तो दुसऱ्याच्या खुर्चीत बसला म्हणायचं.

एखाद्या आरोपीचं वकीलपत्र घ्यायचं नाही असे ठराव वकील संघटना अधूनमधून करतात. असे ठराव बेकायदेशीर आणि निरर्थक आहेत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं. ठराव तरीही होतात, हे आमच्या व्यवसायाला शोभणारं नाही.

सरकारी वकील म्हणजे फिर्यादीचा वकील ना? मग तो माझं ऐकत का नाही?

तो राज्याचा वकील आहे. फौजदारी खटला "महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक" असा चालतो. तुम्ही त्यात फिर्यादी आणि साक्षीदार असता. आरोपीला काहीही करून शिक्षा मिळवून देणं हे सरकारी वकिलाचं काम नाही. आरोपीच्या बाजूचा पुरावा हाती असेल तर तोही न्यायालयासमोर ठेवण्याची त्याच्याकडून अपेक्षा असते. खटला मागे घेण्याचा निर्णयसुद्धा तो विचारपूर्वक, स्वतःच्या जबाबदारीवर घेतो आणि त्याला न्यायालयाची संमती लागते.

तुम्हाला स्वतःचा वकील लावायचा असेल तर न्यायालयाच्या परवानगीने लावता येतो. तो सरकारी वकिलाला साहाय्य करतो, खटला स्वतः चालवत नाही. आरोपी सुटला तर पीडित म्हणून अपील करण्याचा हक्क तुम्हाला आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

काल जो माणूस वकील होता तो आज न्यायाधीश झाला. त्याची मतं बदलतात का?

मतं राहू शकतात, काम बदलतं. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा उच्च न्यायालयात त्यांच्या जामिनासाठी बॅरिस्टर दिनशा दावर उभे राहिले आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी जामीन दिला. अकरा वर्षांनी, १९०८ मध्ये, टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा आरोप आला. तेव्हा खुर्चीवर बसले होते न्यायमूर्ती दावर. जामिनासाठी युक्तिवाद केला बॅरिस्टर जिनांनी, आणि दावरांनी तो फेटाळला. पुढे टिळकांनी आपली बाजू स्वतःच मांडली, ज्यूरीने (दोषी की निर्दोष हे ठरवायला बसवलेल्या सामान्य नागरिकांनी) सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवलं आणि दावरांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली. टिळक मंडालेला गेले.

दावरांच्या शिक्षेला महाराष्ट्राने कधी माफ केलं नाही, आणि शिक्षा सुनावताना त्यांनी वापरलेली भाषा बघता ते योग्यच आहे. पण १८९७ मध्ये दावर टिळकांचे वकील होते म्हणून १९०८ मध्ये त्यांनी टिळकांची बाजू घ्यायला हवी होती, असं म्हणता येत नाही. वकील म्हणून केलेला युक्तिवाद हा अशिलाचा असतो. आज एखाद्या न्यायाधीशाने वकील असताना तुमचंच प्रकरण हाताळलेलं असेल, तर ते प्रकरण ते स्वतःहून दुसरीकडे पाठवतात. तसं झालं नाही तर वकिलामार्फत लक्षात आणून द्या.

ज्यूरी आता का नाही?

१९५९ च्या मुंबईतल्या नानावटी खून खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. त्या एका खटल्यामुळे ज्यूरी गेली असं सांगतात, पण ती पद्धत आधीपासूनच मावळत होती आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती पूर्ण संपली. पारशी समाजाच्या वैवाहिक दाव्यांत मात्र समाजातल्या प्रतिनिधींना बसवण्याची तरतूद अजून कायद्यात आहे.

न्यायाधीश कसे होतात? निवडणूक असते का?

निवडणूक नसते. तालुक्याला दिसतात ते दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर. तेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतात. म्हणजे सकाळी जमिनीचा दावा आणि दुपारी मारामारीचा खटला, माणूस एकच. ही भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून होते. पदवी घेऊन थेट परीक्षेला बसण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालाने पुढच्या भरतीसाठी बंद केली. आता किमान तीन वर्षं वकिली लागते. माझ्या मते हे उशिरा झालं पण बरं झालं. तहकुबी मागणाऱ्या वकिलाच्या टेबलाची पलीकडची बाजू ज्याने बघितली आहे, त्याला खरी अडचण आणि टाळाटाळ यातला फरक लवकर कळतो.

त्यांच्या वर दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर, मग जिल्हा व सत्र न्यायाधीश, मग मुंबई उच्च न्यायालय. उच्च न्यायालयाची खंडपीठं नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात आहेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, त्यामुळे कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांची मुंबईची खेप वाचली.

तारखा कोण पाडतं, जज्ज की वकील?

दोघंही, आणि पुष्कळदा तुम्हीसुद्धा.

दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या द्यायच्या नाहीत. वकील दुसऱ्या कोर्टात गुंतला आहे हे कारण चालत नाही, असंही तिथे लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात पुकारा होतो, वकिलाचा कनिष्ठ उभा राहतो, "सर वरच्या कोर्टात आहेत" म्हणतो आणि तारीख पडते. न्यायाधीशांच्या बोर्डावर (दिवसाच्या प्रकरणांच्या यादीत) त्या दिवशी इतकी प्रकरणं असतात की सगळी चालणं शक्यच नसतं, म्हणून तेही फार ताणत नाहीत. कधी न्यायाधीश रजेवर असतात, कधी समन्स बजावून आलेलं नसतं, कधी साक्षीदार येत नाही. कधी तुम्हीच सरतपासणीचं (स्वतःच्या साक्षीचं) प्रतिज्ञापत्र सही करायला वेळेत येत नाही.

तुमच्या हातात एवढं आहे: ई-कोर्ट्सच्या ॲपवर तुमच्या प्रकरणाचा १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टाका आणि पुढची तारीख, प्रकरण कशासाठी ठेवलं आहे, ते बघत जा. रोजनाम्यावरून, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याच्या न्यायालयातल्या नोंदीवरून, तहकुबी कोणी मागितली ते कळतं. तारखेला गेलात, तारीखच मिळाली आणि ती तुमच्याच वकिलाने मागितली असेल, तर कारण विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चांगला वकील रागावत नाही.

आणखी एक. न्यायाधीशांच्या बदल्या होतात. तुमची साक्ष एकाने ऐकली आणि निकाल दुसऱ्याने दिला असं सर्रास घडतं. नव्या न्यायाधीशांनी तुमचा चेहरा पाहिलेला नसतो, तुमचा आवाज कापरा झाला होता का हे त्यांना माहीत नसतं. त्यांच्यासमोर असतो तो फक्त टंकलेला कागद. म्हणून साक्षीच्या शेवटी सही करण्यापूर्वी ती वाचा किंवा वाचून घ्या. तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे, तेव्हा इंग्रजीत टंकली गेली असेल तर मराठीत समजावून मागण्यात संकोच कसला?

"निशाणी ५" म्हणजे काय? सगळे त्याबद्दलच बोलतात.

दावा दाखल करताना सोबत तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज देतात. त्यावर सहसा निशाणी ५ असा क्रमांक पडतो, म्हणून ते नाव. दाव्याचा निकाल लागेपर्यंत जागा जैसे थे ठेवावी, एवढंच त्यात ठरतं. निशाणी ५ मंजूर झाली म्हणजे दावा जिंकला असं समजून पेढे वाटणारे पुष्कळ. हक्क कोणाचा हे अजून ठरायचं असतं.

जज्जसाहेबांना चेंबरमध्ये किंवा घरी भेटून माझी बाजू सांगता येईल का?

नाही. समोरच्याच्या गैरहजेरीत एका बाजूचं ऐकणं न्यायाधीशांना चालत नाही. "माझी ओळख आहे, शब्द टाकतो" म्हणून पैसे मागणारा कोणीही असो, पैसे देऊ नका. असा माणूस बहुधा दोन्ही बाजूंकडून घेतो आणि जिंकणाऱ्याचे ठेवून हरणाऱ्याचे परत करतो. साहेबांना त्याचं नावही माहीत नसतं.

निकाल चुकला असं वाटतं. न्यायाधीशांची तक्रार कुठे करू?

चुकीच्या निकालावर अपील असतं, तक्रार नसते. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत, उच्च न्यायालयात जायचं असेल तर ९० दिवसांत. निकालाची नक्कल मिळायला गेलेले दिवस त्यातून वजा होतात, पण नक्कल अर्ज लगेच द्या. न्यायाधीशांच्या वागणुकीबद्दल, म्हणजे लाच, उघड पक्षपात याबद्दल तक्रार असेल तर ती उच्च न्यायालयाकडे करायची, कारण जिल्ह्यातले सगळे न्यायाधीश त्यांच्या नियंत्रणाखाली असतात. पुरावा आणि प्रतिज्ञापत्र जोडा. "माझ्याविरुद्ध निकाल दिला" हा पक्षपाताचा पुरावा होत नाही.

वकील जिंकल्यावर टक्के मागतो. द्यायचे का?

निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. मोटार अपघात आणि भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याच्या प्रकरणांत ते तरीही चालतं, हे कोर्टाच्या आवारात सगळ्यांना माहीत आहे. पैसे नसलेला पक्षकार त्याशिवाय दावाच लावू शकला नसता, असं समर्थन वकील करतात. त्यात तथ्य असेलही, पण वाटेकरी झालेला वकील तडजोडीचा सल्ला कोणाच्या फायद्यासाठी देतो, हे विचारून बघा. फी आधी ठरवा, कागदावर घ्या, पावती मागा.

वकील बदलायचा आहे, पण तो ना हरकत देत नाही आणि फाइलही देत नाही.

नव्या वकिलाने जुन्याची संमती घ्यावी असा शिष्टाचाराचा नियम आहे. संमती मिळाली नाही तर कारण सांगून न्यायालयाची परवानगी मागता येते. फाइल अडवून ठेवता येत नाही. फी थकली तरी अशिलाचे कागद तारण म्हणून ठेवण्याचा वकिलाला हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं आहे. तसंच तुमच्या स्पष्ट परवानगीशिवाय वकिलाने तडजोड करायची नाही. त्यामुळे कोऱ्या कागदावर, कोऱ्या पुरसीसवर (न्यायालयात द्यायच्या लेखी निवेदनावर) सह्या करून ठेवू नका, कितीही ओळखीचा वकील असला तरी.

गैरवर्तणुकीची तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे करता येते. ताकीद देण्यापासून सनद रद्द करण्यापर्यंत अधिकार त्यांना आहेत. ग्राहक आयोगात मात्र जाऊ नका. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, हे मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं.

वकिलाची फी परवडत नाही.

तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयात अर्ज करा, कोर्टाच्या इमारतीतच असतं, किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, कामगार, कोठडीतले आरोपी यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे. फौजदारी प्रकरणांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी लोक अभिरक्षक कार्यालयात (आरोपींना मोफत वकील पुरवणाऱ्या कार्यालयात) पूर्णवेळ वकील असतात. फुकटचा वकील म्हणजे कामचलाऊ वकील, हा समज पूर्ण खोटा नाही, पण पूर्ण खराही नाही. त्या वकिलालाही कागद वेळेवर दिलेत तर तो तुमच्यासाठी पुष्कळ करू शकतो.

वकिलाशिवाय स्वतःच केस लढवली तर?

दिवाणी न्यायालयात लढवता येते. कुटुंब न्यायालयात तर वकील लावणं हा हक्कच नाही, तिथे न्यायालयाची परवानगी लागते. ग्राहक आयोगात पुष्कळ लोक स्वतः उभे राहतात आणि जिंकतातही. पण मिळकतीच्या दाव्यात स्वतः उभं राहायचं असेल तर एक अडचण लक्षात घ्या. न्यायाधीश तुम्हाला सांभाळून घेतील, सोप्या भाषेत समजावतील, थोडी सवलतही देतील. कोणता कागद दाखल करायचा राहिला आहे, समोरच्या साक्षीदाराला काय विचारायला हवं, हे मात्र ते तुम्हाला सांगणार नाहीत, कारण तसं सांगितलं तर ते तुमचे वकील होतील.